तीन अप्रूव्हल

आमच्या टीममध्ये पाच माणसं होती आणि त्यातल्या एकाला दर वर्षी नालायक ठरवावं लागायचं. कंपनीचा तसा नियमच होता. पाचांमागे एकाला ‘अपेक्षेपेक्षा कमी’, म्हणजे चार नंबरचं रेटिंग द्यायचं. पाचही जण नीट काम करतात असं मॅनेजरने कळवलं, तर वरचे लोक म्हणायचे की मॅनेजरला माणसं पारखता येत नाहीत. हा नियम ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला मी कधी पाहिलं नाही. भेटला असता तर एवढंच विचारलं असतं, की बाबा, तुझ्या घरी पाच माणसं जेवायला बसली तर तू एकाला उपाशी उठवतोस का?

काम तसं साधं. दवाखान्यांच्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. रक्त काढलं, नळीला चिठ्ठी लागली, नळी मशीनमध्ये गेली, की आलेला रिपोर्ट त्याच माणसाच्या नावावर जायला हवा, शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या नावावर नाही. मी अकरा वर्षं तेवढंच करत होते आणि तरी ते संपलं नव्हतं.

टीममध्ये सगळ्यात जुनी मी. माझ्या शेजारी नऊ वर्षं बसत होता तो काका. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण केस तिशीतच पिकले म्हणून सगळे काका म्हणायचे आणि मीही म्हणायचे. त्याच्या पलीकडे मुनी. मीटिंगमध्ये मुनीचा आवाज कोणी ऐकला असेल तर पुढे येऊन सांगावं. सर्व्हर आणि बॅकअप जो सांभाळायचा त्याला आम्ही वॉचमन म्हणायचो आणि तो दर वेळी चिडायचा. पाचवी टेस्टर. आमच्या चुका शोधणं हेच तिचं काम, आणि चूक सापडली की तिचा चेहरा असा उजळायचा की तिच्यावर रागावताही यायचं नाही. मला ती ताई म्हणायची. माझा अर्धा डबा तिच्याच पोटात जायचा.

आमचा एक नियम मी आणला होता. चार वर्षांपूर्वी वॉचमनने साफसफाई करता करता भलतंच काहीतरी पुसलं आणि एका दवाखान्याचे दोन दिवसांचे रिपोर्ट गायब झाले. तेव्हापासून कोणीही आपला बदल एकट्याने आत घालायचा नाही असं ठरलं. टीममधल्या तिघांनी तो वाचायचा, पटला तर हिरवं बटण दाबायचं, आणि अशी तीन अप्रूव्हल मिळाली की मगच बदल आत. नियम चांगला होता. फक्त दुसऱ्याचं वाचायला कोणाला वेळ नसायचा.

ही गोष्ट घडली तेव्हा माझा एक बदल असाच अडकून पडला होता. एकाच दिवशी एकाच नावाची, एकाच जन्मतारखेची दोन माणसं लॅबमध्ये आली तर त्यांचे रिपोर्ट कधी कधी अदलाबदल व्हायचे. हे माझ्या लक्षात आलं. दोन दिवसांत मी दुरुस्ती लिहिली. जेमतेम चाळीस ओळी. मग सगळ्यांच्या मागे लागले. काका म्हणाला, आज बघतो. मुनीने मान हलवली. वॉचमन म्हणाला, या आठवड्यात फार धावपळ आहे. टेस्टरने सोळा कॉमेंट टाकल्या, त्यातल्या दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेबद्दल होत्या, पण बटण काही दाबलं नाही. तीन आठवडे होत आले तरी अप्रूव्हल शून्य.

आता चार नंबरचं सांगते.

रेटिंगचा नियम आला त्या पहिल्या वर्षी चार मिळाला मुनीला. आमच्यात सगळ्यात हुशार तो, पण बोलत नाही, म्हणून मॅनेजरला तोच सोपा वाटला. मुनी त्यावरही काही बोलला नाही. पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून एकटा जेवला, एवढंच. ते बघून आम्हाला सगळ्यांनाच लाज वाटली. आपत्कालीन जिन्यात, जिथे कॅमेरा नव्हता, तिथे आम्ही पाचजण उभे राहिलो आणि ठरवलं की यापुढे चार आळीपाळीने घ्यायचा. ज्याला मिळेल त्याची त्या वर्षीची पगारवाढ गेली, बढती गेली, पण नोकरीला धक्का नाही. पुढच्या वर्षी तो डाग धुऊन निघायचा आणि दुसरा कोणीतरी मान पुढे करायचा. त्या जिन्यात मला पहिल्यांदा वाटलं, की ही नुसती टीम नाही, ही माझी माणसं आहेत.

कोणाचा नंबर कधी, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं. कागद हरवतो आणि कंपनीची मेल कंपनी वाचते. युक्ती काकाने काढली. आमच्या रेपोमध्ये, म्हणजे जिथे सगळा कोड राहतो आणि कोणी कधी काय बदललं त्याची नोंद राहते तिथे, तपासणीसाठी केलेल्या खोट्या रुग्णांची एक लांबलचक यादी होती. ती उघडून वाचायची तसदी टीमबाहेरचा कोणीच घेणार नव्हता. त्या यादीच्या शेवटी आम्ही आणखी पाच रुग्ण घातले, ९९९१ ते ९९९५, आमच्या प्रत्येकाच्या नावे एक. ज्याचं वर्ष असेल त्या रुग्णाचं हिमोग्लोबिन खाली उतरवायचं आणि गेल्या वर्षीच्याचं पुन्हा वर न्यायचं. बदलाच्या नोंदीत एक ओळ लिहायची: या वर्षी वॉचमन. या वर्षी टेस्टर. पुढे नियम आल्यावर या बदलालाही तीन अप्रूव्हल लागायची आणि त्यालाही आठवडा जायचा. वर्षं गेली, आमची हिमोग्लोबिनं खालीवर होत राहिली, आणि आम्हाला त्याची गंमत वाटायची.

मॅनेजरला आम्ही नुसतं नाव सांगायचो. कसं ठरवलं ते तो विचारायचा नाही. सुटल्यासारखा हसायचा आणि म्हणायचा, कारणं लिहून पाठवा म्हणजे मी वर टाकतो. म्हणजे ज्याला चार मिळणार त्याने स्वतःची नालायकी स्वतःच लिहायची. बाकीचे चार-पाच ओळी खरडून मोकळे व्हायचे. मला तसं जमत नाही. काम हातात घेतलं की ते नीटच झालं पाहिजे, हा माझा रोग आहे. माझं वर्ष आलं तेव्हा मी दीड पान लिहिलं. तारखा खऱ्या घातल्या, उदाहरणं घातली, कुठला बदल किती दिवस अडकला त्याचा तक्ता जोडला. तो माझ्यामुळे अडकला नव्हता हे अर्थात लिहिलं नाही. काकाने ते वाचलं आणि म्हणाला, “हे वाचून मीच तुला काढून टाकीन.” आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

त्यानंतर दोन वर्षांनी काकाचा नंबर आला. मी कॉफीच्या मशीनपाशी उभी होते. तो आला, कप लावला आणि मशीनकडेच बघत म्हणाला, या वर्षी तू घेशील का. त्याची बायको कंपनीच्याच दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात होती. तीन वर्षं दोघं दोन गावांत राहत होते. त्याने बदलीचा अर्ज केला होता आणि चार नंबरवाल्याला बदली मिळत नाही. पुढची दोन वर्षं माझी, तो म्हणाला. त्याचा कप भरायच्या आत मी हो म्हणून बसले. जागेवर येऊन ९९९५ चं, म्हणजे माझंच, हिमोग्लोबिन खाली ओढलं आणि नोंदीत लिहिलं: काकाच्या जागी मी, त्याची बदली व्हावी म्हणून. मग नव्याने दीड पान लिहिलं. या वेळी तर आणखी सुरेख झालं.

काकाची बदली मंजूर झाली. नंतर महिन्याभरात कंपनीने पुनर्रचना जाहीर केली. तीन वर्षांत ज्यांना दोनदा चार मिळाला त्यांना निरोप.

सोमवारी अकरा वाजता मला एचआरमधून बोलावणं आलं. खोलीत गोल टेबल, टेबलावर टिश्यूचा डबा, आणि डब्यातला पहिला टिश्यू आधीच अर्धा वर ओढून ठेवलेला. समोरची बाई तिशीची असेल. आवाज मऊ, शब्द पाठ केलेले. तुमच्या योगदानाची कंपनीला जाणीव आहे वगैरे झालं. मग तिने माझी फाइल उघडली आणि वाचायला लागली.

“बारीकसारीक तपशिलात अडकून राहिल्यामुळे वेळेचं भान राहत नाही. सहकाऱ्यांकडून वेळेवर प्रतिसाद मिळवण्यात सातत्याने अपयश. आपल्याशिवाय काम होणार नाही, अशी समजूत.”

माझी वाक्यं मीच ऐकत होते. वाक्यं चांगली होती. तिसरं लिहिताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं, तेही आठवलं.

मी म्हणाले, “हे मॅनेजरने लिहिलेलं नाही. हे मी लिहिलंय.”

तिने मान वर केली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर पाठ न केलेलं काहीतरी दिसलं.

“म्हणजे हे तुम्हाला मान्य आहे?” तिने विचारलं.

मी एवढंच विचारलं, की तक्रार करायची सोय आहे का. आहे, ती म्हणाली. बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत. लेखी पुरावा आणा, किंवा टीममधल्या माणसांना घेऊन या. मी उठले तेव्हा तिने टिश्यूचा डबा थोडा पुढे सरकवला. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, पण रागासाठी त्यांनी टेबलावर काही ठेवलेलं नव्हतं.

आधी मॅनेजरकडे गेले. त्याने दार लावून घेतलं. रेटिंग तुम्हीच ठरवता हे त्याला माहीत नव्हतं, असं तो म्हणाला. कारणं लिहून पाठवा म्हणालात ते, मी आठवण करून दिली. तसं तो सगळ्यांनाच म्हणतो, तो म्हणाला, तो स्वमूल्यांकनाचा भाग आहे. मग खुर्ची जवळ ओढून समजावणीच्या सुरात म्हणाला की जुनं उकरून काढण्यात कोणाचंच भलं नाही, अनुभवी माणसाला बाहेर मागणी असते, तो शिफारसपत्र चांगलं लिहून देईल. बाहेर शेहेचाळीस वर्षांच्या बाईला, तीही एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केस पिकवलेली, किती मागणी असते ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. शिफारसपत्राचा मसुदा तुम्हीच पाठवाल का, असं त्याने विचारलं. मी दार उघडून बाहेर आले.

दुपारी चौघांना जिन्यात बोलावलं. सात वर्षांपूर्वी उभे होतो तिथेच उभे राहिलो. मी म्हणाले, बुधवारी माझ्याबरोबर एचआरकडे चला. एवढंच सांगा की रेटिंग कामावरून दिलेलं नव्हतं, आम्ही वाटून घेत होतो. एकाच्या तोंडून ऐकलं तर खोटं वाटेल, पाचांच्या तोंडून ऐकलं तर त्यांना विचार करावा लागेल.

वॉचमन म्हणाला की कंपनीला फसवलं म्हणून ते पाचही जणांना काढतील. त्याचं अगदीच चुकत होतं असं नाही. मुनी आपल्या बुटांकडे बघत राहिला. मी त्याला नाव घेऊन विचारलं, तर त्याने मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. काका म्हणाला, मी मॅनेजरशी बोलून बघतो. शुक्रवार त्याचा इथला शेवटचा दिवस होता. घरचं सामान निम्मं पुढे गेलं होतं.

टेस्टरने माझा हात धरला. “ताई, मी येते. कोणी नाही आलं तरी मी येते,” ती म्हणाली.

मला इतकं बरं वाटलं की मी बोलू नये ते बोलले. म्हणाले, तशी आपली फाइल आहेच. सात वर्षांच्या नोंदी आहेत, नावांसकट. ती दाखवायची वेळ येऊ नये, एवढंच.

वॉचमनने जिन्याचं दार उघडून धरलं आणि आम्ही एकेक करून आत गेलो.

घरी संध्याकाळी सगळं सांगितलं. नवरा शाळेत चित्रकला शिकवतो, तीही अर्धवेळ. घर माझ्या नोकरीवर चालतं, आणि घरापेक्षाही सासूबाईंचे डोळे. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आहे. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं, ते कंपनीच्या विम्यातून होतं. दोन महिने चुकलं तर जे दिसतंय तेही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगून ठेवलंय. हे काकाला माहीत होतं. टेस्टर तर सासूबाईंना इंजेक्शनच्या दिवशी दोनदा दवाखान्यात घेऊन गेली होती, मला सुटी मिळाली नाही तेव्हा.

नवरा म्हणाला, “फाइल दाखव आणि मोकळी हो. तुझी भीड त्यांनी ठेवली का?”

मी म्हणाले, फाइल दाखवली तर चौघांची नोकरी जाईल. काकाची बदली रद्द होईल. मुनीला दोन लहान मुली आहेत.

“आणि तुला कोण आहे?” त्याने विचारलं.

सासूबाई कोपऱ्यात भिंग घेऊन पेपर वाचत होत्या. त्यांना पहिल्यापासून एकच गोष्ट कळत नव्हती. “म्हणजे परीक्षा तूच दिलीस, पेपर तूच तपासलास आणि नापासही तूच केलंस?” असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो आई, तसंच. त्यांनी भिंग खाली ठेवलं. “माझ्या डोळ्यांचं घेऊन बसू नकोस. बघायचं ते बघून झालंय माझं,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा त्या खिडकीत बसून पेपर नाकाला लावून वाचत होत्या, मागच्या पानावरच्या छोट्या जाहिरातीसुद्धा सोडत नव्हत्या.

मंगळवारी ऑफिसात सगळे माझ्याशी फार चांगले वागले. वॉचमनने न सांगता माझा कीबोर्ड बदलून दिला, आठ महिने मी त्यासाठी तक्रारीचं तिकीट टाकत होते. मुनी चक्क “गुड मॉर्निंग” म्हणाला. काकाने कॉफी आणून टेबलावर ठेवली, बिनसाखरेची, जशी मला लागते. नऊ वर्षांत त्याने मला कॉफी आणून दिल्याचं आठवत नाही. मी त्याला विचारलं, बोललास का मॅनेजरशी. बोलतो, तो म्हणाला. मग आठवण झालीच म्हणून म्हटलं, जाता जाता माझा तो रिपोर्टचा बदल तरी बघून जा. बघतो, तो म्हणाला. दुपारी मी सासूबाईंच्या इंजेक्शनची पुढची तारीख घ्यायला दवाखान्यात गेले. परत आले तेव्हा साडेपाच वाजले होते आणि चौघंही निघून गेले होते.

बुधवारी दुपारी माझं ठरलं. म्हणजे अर्धंच ठरलं. फाइलची प्रिंट काढून पर्समध्ये ठेवायची. टेस्टर बरोबर येणारच आहे. तिच्या शब्दावर भागलं तर पर्स उघडायचीच नाही. नाही भागलं, तर तिथे बसून जसं वाटेल तसं करायचं. तीन वाजता मी रेपो उघडला आणि रुग्णांच्या यादीच्या तळाशी गेले.

यादी ९९९० ला संपत होती.

मला आधी वाटलं मीच चुकीची यादी उघडली. पुन्हा उघडली. मग जुन्या नोंदी शोधल्या. त्या पाच रुग्णांची एकही नोंद नव्हती. ‘या वर्षी मुनी’ नाही, ‘या वर्षी वॉचमन’ नाही, ‘काकाच्या जागी मी’ नाही. नुसते रुग्ण काढलेले नव्हते, त्यांचा मागचा सात वर्षांचा सगळा इतिहास धुऊन टाकला होता. इतिहास धुण्याचा अधिकार टीममध्ये दोघांनाच होता, मला आणि काकाला. रुग्णांच्या माहितीचा प्रश्न म्हणून आमच्या लॅपटॉपवर कोडची एकही प्रत राहत नाही. बॅकअप वॉचमनच्या ताब्यात. मी तोही बघितला. मंगळवारचा ताजा होता, त्याच्या मागचे सगळे काढून टाकलेले होते, जागा कमी पडते म्हणून.

पण आमच्याकडे पुसण्याचीही नोंद राहते. काय पुसलं ते राहत नाही, कोणी पुसलं ते राहतं. ती नोंद मी उघडली. वर लिहिलं होतं: साफसफाई, जुना निरुपयोगी टेस्ट डेटा काढला. करणारा काका. मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. खाली ओळीने तीन हिरव्या खुणा. वॉचमन, चार तेरा. मुनी, चार सतरा. टेस्टर, चार एकवीस.

अकरा मिनिटं. माझ्या अकरा वर्षांत या टीममध्ये कोणाच्याही कोणत्याही बदलाला अकरा मिनिटांत तीन अप्रूव्हल मिळाल्याचं मी पाहिलं नव्हतं. नियम मी केला होता आणि त्यांनी तो तंतोतंत पाळला होता. टेस्टरने कॉमेंटही टाकली होती, एकच: “छान. आता स्वच्छ दिसतंय.”

ही नोंद एचआरला दाखवून काही उपयोग नव्हता. चार माणसांनी खोटे रुग्ण पुसले, त्यांनी म्हटलं असतं, मग? मी खुर्चीत बसून राहिले. फाइल गेल्यापेक्षाही जास्त वाईट एका वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. ती प्रिंट मी पर्समधून काढली असती की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. कदाचित काढली नसती. कदाचित त्या चौघांसाठी मी मुकाट्याने घरी गेले असते आणि आयुष्यभर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली असती. तेवढंही त्यांनी माझ्याकडे ठेवलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास न ठेवता आधीच बंदोबस्त करून घेतला.

सव्वाचारला टेस्टर माझ्या टेबलाशी आली. हातात पर्स, अंगात जॅकेट. तिचे डोळे सुजलेले होते आणि तरी ती आली होती. का, ते मी विचारलं नाही. माझ्या शेजारी बसून रडायला बहुतेक, पुराव्याशिवाय.

“ताई, निघायचं ना? पाचपर्यंतच आहे,” ती म्हणाली.

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली नाही. वळवायची गरज नव्हती.

“तू राहू दे,” मी म्हणाले. “तुझं अप्रूव्हल मिळालं मला.”

ती तशीच उभी राहिली. काकाने हेडफोन लावले होते आणि तो स्क्रीनकडे फार लक्ष देऊन बघत होता. स्क्रीन काळी होती. टेस्टर आपल्या जागेवर गेली, जॅकेट काढून खुर्चीला अडकवलं आणि परत कामाला बसली.

मी खण रिकामा केला. अकरा वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं, त्यात एक मग होता आणि तो कंपनीचाच निघाला, म्हणून परत ठेवला. लॅपटॉप बंद करण्याआधी सवयीने माझ्या अडकलेल्या बदलांची यादी बघितली. एकच ओळ शिल्लक होती. एकाच नावाची, एकाच जन्मतारखेची दोन माणसं. एकविसावा दिवस. अप्रूव्हल शून्य.

मी खाली लिहिलं, “कृपया कोणीतरी बघून घ्या,” आणि लॅपटॉप परत करायला जिन्याने उतरले.